पंपाच्या मोटारीला नेमके कोणते संरक्षण हवे?

विहिरीवरची किंवा बोअरमधली मोटार जळाली की ‘फ्यूज का उडाला नाही?’ असे हमखास विचारले जाते. वास्तविक फ्यूज किंवा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारा, आपोआप पडणारा स्विच) मोटारीसाठी नसतोच. शॉर्ट सर्किट झाल्यास केबल वितळू नये, हे त्याचे मुख्य काम. थ्री फेज मोटार थेट सुरू होताना नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. तो सहन करील एवढ्या क्षमतेचा फ्यूज बसवला, की दीडपट प्रवाहाने तासभर तापत राहिलेली मोटार त्याच्या लेखी ठणठणीतच असते.

हे सावकाश तापणे ओळखून मोटार बंद करते ती ओव्हरलोड रिले. 415 व्होल्टच्या, 5 अश्वशक्तीच्या मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह साधारण 7.5 अँपिअर असतो. नेमका आकडा मोटारीच्या पाटीवर पाहावा आणि रिले त्यावरच लावावी. ती वारंवार ट्रिप होते म्हणून काटा 10 वर नेऊन ठेवण्याची सवय सर्रास आढळते. मग रिले असून नसल्यासारखीच. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (सुरू होतानाचा प्रवाह कमी ठेवणारा स्टार्टर) रिले वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या गुंडाळीच्या, फेजमध्ये जोडलेली असेल, तर पाटीवरच्या आकड्याच्या 58 टक्के एवढीच ठेवावी लागते. सबमर्सिबल मोटार अंगाने बारीक असते आणि तिच्यात उष्णता सामावून घेण्याची ताकद कमी असते, त्यामुळे तिला, रिलेवर लावलेल्या प्रवाहाच्या 7.2 पटीला 10 सेकंदांच्या आत तुटणारी ‘क्लास 10’ रिले हवी.

आपल्याकडे मोटारी जळण्याचे मोठे कारण म्हणजे सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज जाणे. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक फ्यूज गेला, तरी चालू मोटार थांबत नाही. उरलेल्या दोन फेजमधून सुमारे 1.7 पट प्रवाह ओढत ती कण्हत फिरत राहते. यासाठी प्रिव्हेंटर (फेज गेल्यास मोटार बंद करणारे उपकरण) घेताना तो व्होल्टेज पाहतो की प्रवाह, हे दुकानदाराला आवर्जून विचारावे. फिरती मोटार तुटलेल्या फेजवर स्वतःच बरेचसे व्होल्टेज निर्माण करते आणि त्यामुळे केवळ व्होल्टेज तपासणारे उपकरण फसू शकते. मोटारीच्या तारांमधला प्रवाह मोजणारा प्रिव्हेंटर थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, असे माझे मत आहे. तिन्ही फेज हजर असूनही त्यांच्या व्होल्टेजमध्ये तफावत असेल तर तीही घातकच: 3.5 टक्के असमतोलाने वाइंडिंगची तापमानवाढ सुमारे 25 टक्क्यांनी वाढते.

उन्हाळ्यात बोअरचे पाणी खाली गेल्यावर मात्र गणित उलटते. पाणीच उचलायचे नसल्याने भार घटतो, प्रवाह कमी होतो आणि ओव्हरलोड रिलेला काहीच गैर दिसत नाही. इकडे पाण्यावरच थंड राहणारी मोटार आणि पाण्यानेच वंगण मिळणारी पंपाची बेअरिंगे कोरडी पडतात. येथे प्रवाह ठरावीक पातळीखाली गेल्यावर तोडणारी अंडरकरंट रिले किंवा बोअरमध्ये सोडलेले, पाण्याची पातळी ओळखणारे इलेक्ट्रोड उपयोगी पडतात. रिलेची ही प्रवाहाची पातळी पाटीवरून ठरवू नये. भरपूर पाणी असताना क्लॅम्पमीटरने प्रत्यक्ष प्रवाह मोजून त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास ठेवावी.

हे सारे मोटारीसाठी झाले; ओल्या जमिनीवर उभ्या माणसासाठी नाही. त्याच्यासाठी योग्य अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) लागतो. लांब केबलवर तो वरचेवर तुटत असेल, तर काढून टाकण्याऐवजी केबलचा जोड आणि मोटारीचे इन्सुलेशन आधी तपासून घ्यावे.