दास विर्ट्सहाउस इम श्पेसार्ट

दास विर्ट्सहाउस इम श्पेसार्ट (अर्थ : श्पेसार्टच्या जंगलातली सराई) : पश्चिम जर्मनीतील रंगीत, संगीतप्रधान विनोदी चित्रपट. प्रदर्शन १९५८. दिग्दर्शक कुर्ट होफमान (१९१०–२००१), संगीतकार फ्रान्त्स ग्रोट. वाटमारी, अपहरण आणि खंडणी हा कथेचा सांगाडा, पण त्यावर उभी राहते ती एका सरदारकन्येची आणि दरोडेखोरांच्या म्होरक्याची प्रेमकथा. गुन्हेगारांभोवती फिरणाऱ्या अशा हलक्याफुलक्या चित्रपटांना जर्मन भाषेत ‘गाउनरकोम्योडी’ म्हणतात. ‘गाउनर’ म्हणजे भामटा. या प्रकारातला हा अतिशय देखणा आणि आजही ताजा वाटणारा चित्रपट आहे.

श्पेसार्ट हे माइन नदीच्या मोठ्या वळणात पसरलेले ओक आणि बीच वृक्षांचे डोंगराळ अरण्य. फ्रँकफुर्टहून व्युर्ट्सबुर्ग आणि पुढे न्युर्नबर्गकडे जाणारा व्यापारी रस्ता याच झाडीतून जात असे. माल भरलेल्या गाड्या, दाट रान आणि आसपासच्या गावांतले दारिद्र्य एकत्र आल्यावर वाटमारीला निमित्त लागत नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि नेपोलियनच्या युद्धांच्या काळात या मुलखातल्या टोळ्यांची मोठी दहशत होती. १८११ मध्ये जवळच्याच ओडेनवाल्ड भागात एका प्रवासी गाडीवर दरोडा पडला. तो घालणाऱ्या होल्त्सरलिप्स या कुप्रसिद्ध म्होरक्याला पुढच्या वर्षी हायडेलबर्गमध्ये देहदंड देण्यात आला. लोकांच्या मनात ही भीती ताजी असतानाच व्हिल्हेल्म हाउफ (१८०२–१८२७) या तरुण लेखकाने आपल्या तिसऱ्या परीकथा-संग्रहाला या जंगलातल्या सराईची चौकट दिली. रात्री झोप लागू नये आणि दरोडेखोरांनी बेसावध गाठू नये, म्हणून मुक्कामाला थांबलेले प्रवासी एकमेकांना गोष्टी सांगत बसतात. पंचविशी गाठण्याआधीच हाउफचे निधन झाले.

चित्रपटाने हाउफकडून चौकट घेतली आणि तिच्या आतल्या गोष्टी सोडून दिल्या. त्याहून मोठा बदल नायिकेत आहे. मूळ कथेत फेलिक्स नावाचा उमेदवारी करणारा सोनार सराईत उतरलेल्या आणि दरोडेखोरांना ओलीस हव्या असलेल्या उमरावीण बाईंचे कपडे चढवतो, त्यांच्या जागी स्वतः ओलीस जातो आणि बाई सुखरूप निसटतात. शेवटी उलगडा होतो, की तो जिच्यासाठी दागिना घेऊन निघाला होता ती त्याची धर्ममाता म्हणजे याच बाई. तिथे प्रेमाला जागाच नव्हती. चित्रपटात कपड्यांची अदलाबदल तशीच होते, पण फ्रान्त्सिस्का ही लग्न ठरलेली तरुण मुलगी आहे आणि फेलिक्सचे कपडे घालून ती नुसती पळून जात नाही. ती वडिलांकडे पोचते, तर काउंट महाशय खंडणी देण्याऐवजी सैनिक धाडायला निघतात. मागे राहिलेल्या ओलिसांचे काय होईल हे तिला बरोबर कळते. म्हणून ती पुरुषी वेशातच परत दरोडेखोरांच्या तळावर जाते आणि म्होरक्याचा नोकर होऊन राहते. हाउफच्या कथेत धाडस मुलाकडे होते, इथे ते मुलीकडे आले, आणि त्या एका फेरफारातून प्रेमकथा आपोआप उगवली. पटकथेचे खरे कसब इथेच आहे असे म्हणावे लागेल. नोकर मुलगी असल्याचे म्होरक्याच्या लक्षात आल्यावर दोघांमधले हुकूम आणि उलट उत्तरे यांचा सूरच बदलतो. अखेरीस फ्रान्त्सिस्का नियोजित वर बॅरन श्पर्लिंगला सोडून म्होरक्याबरोबर निघून जाते.

फ्रान्त्सिस्काच्या भूमिकेत स्विस अभिनेत्री लिझेलोट पुल्व्हर आहे. तिचे खळखळून हसणे जर्मन प्रेक्षकांच्या पिढ्यांना ठाऊक आहे. पोरसवदा चाल, विजारीत वावरण्यातला सहजपणा आणि मधूनच डोळ्यांत चमकणारी लबाडी यांमुळे वेषांतर खोटे वाटत नाही. होफमानबरोबर तिने याआधीही गाजलेले चित्रपट केले होते. म्होरक्याचे काम अर्जेंटिनाच्या कार्लोस थॉम्पसनने केले. ग्युंथर ल्युडर्स (श्पर्लिंग) आणि हुबर्ट फोन मायरिंक (सैन्याधिकारी) यांनी उच्चकुलीनांचा पोकळ डौल मोठ्या मजेने उभा केला आहे.

तरीही चित्रपट मनात घर करतो तो क्नोल आणि फुन्त्सेल या दोन फुटकळ दरोडेखोरांमुळे. वोल्फगांग नॉइस आणि वोल्फगांग म्युलर ही बर्लिनच्या रंगमंचावरची जोडी त्या भूमिकांत आहे. सरळमार्गी माणसासारखे जगता आले तर किती छान होईल, असे स्वप्न रंगवणारे त्यांचे द्वंद्वगीत अतिशय लोकप्रिय झाले. चोरांना सभ्य आयुष्याची ओढ, आणि ज्याच्याकडे ते सगळे आहे तो काउंट स्वतःच्या मुलीसाठी पैसे सोडायला तयार नाही! हसता हसता ही विसंगती जाणवते आणि गाणे हळवे होऊन जाते. म्युलरचे १९६० मध्ये विमान अपघातात निधन झाले आणि ही जोडी फुटली.

चित्रीकरणासाठी माइनकाठचे मिल्टेनबर्ग हे लाकडी चौकटींच्या घरांचे गाव आणि मेस्पेलब्रुनचा जलदुर्ग निवडला गेला. गर्द झाडीत लपलेला हा छोटा किल्ला, त्याचा गोल बुरूज आणि तळ्यातले त्याचे प्रतिबिंब चित्रपटामुळे देशभर ओळखीचे झाले. हा चित्रपट १९५८ च्या कान महोत्सवाच्या स्पर्धेतही होता.

होफमान आणि पुल्व्हर यांनी पुढे याच जंगलावर आणखी दोन चित्रपट केले. १९६० च्या ‘दास श्पुकश्लोस इम श्पेसार्ट’मध्ये महामार्गासाठी सराई पाडली जाते आणि तिथे अडकून पडलेली दरोडेखोरांची भुते मोकळी होतात. १९६७ च्या तिसऱ्या भागात तीच भुते काळाचा प्रवास करतात. सराई पाडण्याचा प्रसंग मात्र निव्वळ कल्पना नव्हती. हाउफच्या कथेशी जोडली जाणारी रोरब्रुन येथील जुनी सराई १९५९ मध्ये ए-३ महामार्गाच्या कामात खरोखरच पाडण्यात आली. आता त्या भागात महामार्गावरचा विश्रांतीथांबा आहे आणि त्याला नाव श्पेसार्टचेच आहे.