समवयस्कांकडून लैंगिकता शिक्षण : अपेक्षा नेमकी कशाची ठेवावी?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचे प्रकरण येते, तोवर वर्गातील बहुतेक मुलींची पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झालेली असतात आणि मुलांचे आवाज फुटलेले असतात. मुलींमध्ये साधारणपणे ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात यौवनाची सुरुवात होते. म्हणजे अभ्यासक्रम शरीराच्या बराच मागून चालतो. मधल्या काळात शंका काही थांबून राहत नाहीत. त्या मोबाइलवर शोधल्या जातात, नाहीतर शिकवणीहून परतताना गोव्याच्या कदंब परिवहनाच्या बसमध्ये बहुधा तितक्याच अजाण मित्राला विचारल्या जातात. मुले एकमेकांनाच विचारणार असतील, तर त्यांच्यापैकी काहींना रीतसर प्रशिक्षण का देऊ नये, या विचारातून समवयस्क शिक्षणाची पद्धत पुढे आली. केंद्र सरकारने २०१४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही अशा प्रशिक्षित मुलामुलींना स्थान आहे; त्यांना ‘साथिया’ म्हणतात.

या वयात मित्रांचा प्रभाव किती खोलवर असतो, हे टेंपल विद्यापीठातील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एका साध्या प्रयोगातून दाखवले. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ एकट्याने खेळताना आणि मित्र शेजारी असताना किशोरवयीन मुले किती धोका पत्करतात, हे त्यांनी तपासले. मित्र जवळ असताना धोका पत्करण्याचे प्रमाण वाढले. चोविशी ओलांडलेल्या प्रौढांवर मात्र मित्रांच्या उपस्थितीचा विशेष परिणाम दिसला नाही. जी ओढ मुलांना धोक्याकडे नेते, तीच सावधपणाकडेही नेऊ शकेल, ही आशा त्यामुळे अवास्तव वाटत नाही.

मात्र आशा आणि पुरावा यांत अंतर असते. या विषयावरील एक मोठी चाचणी इंग्लंडमधील २७ शाळांत झाली. १६-१७ वर्षांच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून १३-१४ वर्षांच्या मुलांचे तास घेतले गेले. कोणत्या शाळेत हे तास मोठी मुले घेणार आणि कुठे नेहमीप्रमाणे शिक्षक, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवण्यात आले. आठ हजारांहून अधिक विद्यार्थी सामील असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या मुलांनी घेतलेले तास विद्यार्थ्यांना अधिक आवडले. सोळाव्या वर्षापर्यंत शरीरसंबंध आल्याचे सांगणाऱ्या मुलींचे प्रमाण या शाळांत सुमारे ३५ टक्के, तर इतर शाळांत सुमारे ४१ टक्के होते. मुलग्यांमध्ये असा फरक आढळला नाही. पहिल्या संबंधाच्या वेळी गर्भनिरोधक वापरले की नाही, यातही फरक नव्हता, आणि पुढे विशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर गर्भपाताचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. म्हणजे कार्यक्रम फसला म्हणता येत नाही, पण ज्यासाठी त्याचा गाजावाजा होतो ते त्याने साधले, असेही म्हणता येत नाही.

जगभरातील अनुभवांचा आढावा घेणारे अभ्यासकही साधारणपणे याच निष्कर्षाला येतात. समवयस्क शिक्षणाने माहिती वाढते, वर्तन फारसे बदलत नाही आणि सर्वाधिक लाभ प्रशिक्षण घेतलेल्या मुलांनाच होतो. हे शिक्षण एकटे उभे न करता समुपदेशन आणि आरोग्यसेवेशी जोडले, तर त्याचा उपयोग वाढतो. गोव्यात संगाथ या संस्थेने राबवलेला ‘युवा मित्र’ हा प्रकल्प याच दिशेचा होता. १६ ते २४ वयोगटासाठी समवयस्क शिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि माहितीपत्रके यांची जोड त्यात दिली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार, प्रकल्प राबवलेल्या वस्त्यांत तरुणांकडून होणारी मारहाण आणि नैराश्याची लक्षणे तुलनेच्या वस्त्यांपेक्षा कमी आढळली. अभ्यास लहान आणि प्राथमिक स्वरूपाचा होता, हे ध्यानात ठेवूनही त्याची दखल घ्यायला हवी.

मग प्रशिक्षित विद्यार्थ्याकडून अपेक्षा कशाची ठेवावी? माझ्या मते, त्याने धडा शिकवावा अशी नव्हे, तर पहिला प्रश्न त्याच्यापर्यंत यावा, एवढीच. हे काम छोटे वाटले तरी ते शिक्षकाला सहसा जमत नाही. प्रश्नपेटीचेच उदाहरण घ्या. नववीच्या वर्गात चिठ्ठ्या वाटल्या आणि ज्याला शंका असेल त्याने लिहावे असे सांगितले, तर पेन उचलणारा लगेच सगळ्यांच्या नजरेत भरतो. म्हणून प्रत्येकाने काहीतरी लिहायचे, शंका नसेल त्याने ‘काही नाही’ असे लिहायचे आणि सर्वांनी चिठ्ठीची सारखीच घडी घालायची, असा नियम असतो. मग ‘झोपेत वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो का’, ‘पाळी दोन महिने आली नाही तर काय समजावे’, ‘पांढरे जाणे हा आजार आहे का’ असे प्रश्न निघू लागतात. पुस्तक इंग्रजीत असले तरी बारावीची प्रशिक्षित मुलगी त्यांची उत्तरे घरच्या कोकणी-मराठीत देते. झोपेतील वीर्यपतन नैसर्गिक असते, त्याने शक्ती जात नाही. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पाळी अनियमित असू शकते. पांढऱ्या स्रावाला दुर्गंधी असेल किंवा खाज येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जे ठाऊक नाही त्याला ‘विचारून सांगते’ असे म्हणण्याचा सराव तिच्याकडून प्रशिक्षणातच करून घ्यावा लागतो. हुशार मुलांना ते विशेष जड जाते.

आणि म्हणूनच निवड गुणपत्रिकेवरून होऊ नये. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील ५६ शाळांत एलिझाबेथ पालुक आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग दादागिरी आणि भांडणांविषयी होता, लैंगिकतेविषयी नव्हे. पण त्याचे तात्पर्य इथेही लागू पडावे. ज्यांच्याशी इतर मुले सर्वाधिक वेळ घालवतात अशा विद्यार्थ्यांचा सहभाग जितका जास्त, तितका परिणाम मोठा होता. आपल्याकडे मात्र शिक्षकांच्या मर्जीतील मुले पुढे केली जातात, आणि मागच्या बाकावरच्यांना ती आपली वाटतच नाहीत.

विश्वासाने सांगितलेल्या सगळ्याच गोष्टी मात्र गुप्त ठेवता येत नाहीत. गोव्यातील आठ उच्च माध्यमिक विद्यालयांतील अकरावीच्या ८११ विद्यार्थ्यांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश मुलामुलींनी मागील वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले होते. तेव्हा अशी हकीकत प्रशिक्षित विद्यार्थ्याच्या कानावर येणार, हे गृहीतच धरले पाहिजे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्याची शिक्षा अठरा वर्षांखालील मुलाला होत नाही, मोठ्यांना मात्र होऊ शकते. त्यामुळे ‘हे मी एकटा पेलू शकत नाही, आपण दोघे समुपदेशकांकडे जाऊ’ हे वाक्य पहिल्याच दिवशी शिकवावे लागते आणि १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांकही पाठ असावा लागतो. गावात औषधाच्या दुकानदारापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सारेच वडिलांना ओळखत असल्याने, या समुपदेशकांनी गुपित कुठवर राखायचे याची मर्यादाही मुलांना आधीच स्पष्ट सांगितलेली बरी.

पालकांना वाटणारी भीती वेगळीच असते : अशा शिक्षणाने मुले वाहवतील. याच भीतीपोटी २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम रोखला होता. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मात्र असे शिक्षण लैंगिक व्यवहार लवकर सुरू करायला कारण ठरत नाही, असा पुराव्यांचा निष्कर्ष दिलेला आहे. खरी अडचण अधिक रूक्ष आहे. अकरावीत तयार केलेली मुले दोन वर्षांत विद्यालय सोडून जातात. त्यामुळे प्रशिक्षण दरवर्षी नव्याने द्यावे लागते, आणि त्यासाठी समुपदेशकाच्या वेळापत्रकात ठरलेले तास असावे लागतात.