मॅच कट

मॅच कट : लागोपाठच्या दोन शॉटमधील हालचाल, आकार किंवा चौकटीतील जागा जुळवून त्यांना जोडण्याची चित्रपट-संकलनातील पद्धत. रील्स करणारे याला नुसते ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. संकलकाच्या लेखी तो शब्द बराच मोठा. फेड (चित्र काळोखात विरणे), डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात विरघळणे), वाइप (एका चित्राने दुसरे पुसले जाणे) सगळे त्यात येते.

या युक्तीचे मूळ चित्रपटाइतकेच जुने आहे. पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस याने १८९६ मध्ये खुर्चीवरची बाई पडद्यावर गायब करून दाखवली. नुसता कॅमेरा थांबवून, बाईला बाजूला करून तो पुन्हा सुरू केल्याने हे साधत नसे. नको त्या चौकटी (फ्रेम) कापून फिल्म पुन्हा चिकटवावी लागे. आकाराच्या मॅच कटचे नेहमीचे उदाहरण म्हणजे स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधील (१९६८) हवेत भिरकावलेले हाड : पुढच्याच शॉटमध्ये त्याच्या जागी लांबोडके अंतराळयान येते आणि मधली लाखो वर्षे गळून पडतात.

मोबाइलवर सर्वांत जास्त दिसतो तो वेशबदल. घरच्या कुर्त्यातली मुलगी तळहात लेन्सवर आणते. हात बाजूला होतो तेव्हा ती नऊवारीत, नाकात नथ. पडदा पुरता काळा होतो त्या चौकटीवर कट घ्यायचा, दुसरा शॉट तशाच काळ्या चौकटीपासून सुरू करायचा. सेकंदाला ३० चौकटी धरल्या तर दोन-तीन चौकटींच्या फरकानेही झटका बसतो. पण खरी गोची संकलनात नसते, चित्रीकरणात असते. साडी नेसेपर्यंत खिडकीतले ऊन सरकते, कोणाचा तरी धक्का लागून ट्रायपॉड हलतो, आणि हात जवळ येताच फोन आपणहून उजेड वाढवतो. म्हणून एक्स्पोजर (चित्रातल्या उजेडाची पातळी) आधी लॉक करतात आणि पायांची जागा फरशीवर खडूने आखतात. हे केले नाही तर ॲपमधला कोणताही तयार इफेक्ट ते झाकत नाही.

दुसरा प्रकार व्हिप पॅनचा : पहिला शॉट कॅमेरा झर्रकन उजवीकडे फिरवून संपवायचा, दुसरा त्याच दिशेने फिरवत सुरू करायचा, मधल्या धूसर पट्ट्यात कट लपतो. दिशा उलटली की फसवणूक उघडी पडते. हालचाल चालू असतानाच कापायचे, हा नियम दोन्हीकडे एकच. नजर हालचालीमागे धावत असल्याने सांध्याकडे तिचे लक्ष जात नाही.

आवाजही जोडकाम करतो, आणि बरेचदा चित्रापेक्षा चांगले. कुकरची शिट्टी आधी ऐकवून मग स्वयंपाकघर दाखवले तर तो जे-कट. आधीच्या शॉटचा आवाज पुढच्यावर रेंगाळला तर एल-कट. संकलनाच्या ॲपमधल्या टाइमलाइनवर चित्र आणि आवाजाच्या पट्ट्यांचा आकार या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, म्हणून ही नावे.

याच्या अगदी उलट जंप कट. बोलताना आलेले ‘अं…’ आणि श्वास कापले की डोके जागच्या जागी उडते. फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या ‘ब्रेथलेस’मध्ये (१९६०) हे खटकले, गाजले, आज माहितीपर व्हिडिओत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

भारतात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाली. ॲप बदलले, लेन्सवरचा हात तोच राहिला. छोट्या व्हिडिओने स्वतःची म्हणावी अशी भर घातली ती लूपची : व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे शेवटची चौकट पहिलीशी जुळवतात. फोडणी ओतताना शॉट तुटतो आणि पहिल्या शॉटमध्ये तीच फोडणी पातेल्यात पडते. बघणारा दुसऱ्यांदा बघतोय हे त्याला मिरच्या चिरताना कळते.