परदेशात गाडी भाड्याने घेणार? आरटीओतून आयडीपी असा काढा

होक्काइदो, आइसलँड, टस्कनीतली डोंगरावरची गावं, न्यूझीलंडचं साउथ आयलंड. ही ठिकाणं बस-रेल्वेच्या भरवशावर नीट बघून होत नाहीत, तिथे गाडी हाताशी लागते. आणि गाडी भाड्याने घ्यायला गेलं की काउंटरवर पासपोर्ट, चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड आणि भारतीय लायसन्स यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट मागतात: इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. तो भारतातून निघण्याआधी, आपल्या आरटीओतूनच काढायचा असतो. तिकडे उतरल्यावर कुठल्याही खिडकीवर भारतीयाला तो मिळत नाही.

आयडीपीसाठी टेस्ट द्यावी लागत नाही आणि त्यातून नवा कुठला हक्कही मिळत नाही. तुमच्या भारतीय लायसन्सवर जे आहे तेच परदेशी पोलिसाला वाचता येईल अशा ठरलेल्या नमुन्यात छापून देणारी ती छोटी पुस्तिका. मूळ लायसन्स सोबत नसेल तर तिला किंमत नाही, आणि भारतात तर ती चालतच नाही. म्हणूनच या कामातला खरा घोळ अर्जात क्वचितच होतो. तो होतो मूळ लायसन्समुळे.

कोणाला मिळतो

भारतीय नागरिक, चालू पासपोर्ट, आणि चालू असलेलं पक्कं लायसन्स. एवढंच. शिकाऊ लायसन्सवर मिळत नाही. वयाची वेगळी अट नाही, पक्कं लायसन्स असलं की झालं. मात्र अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना बहुतेक परदेशी कंपन्या गाडी देत नाहीत, आणि पंचविशीच्या आतल्यांकडून अनेक ठिकाणी जादा पैसे घेतात. त्याच्याशी आरटीओचा संबंध नाही.

अर्जाआधी लायसन्स हातात घेऊन बघा

पहिली गोष्ट मुदत. आयडीपी दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो, पण त्याआधी लायसन्स संपत असेल तर तोही त्याच दिवशी संपतो. लायसन्सचे तीनच महिने उरलेत आणि मुक्काम चार महिन्यांचा आहे, तर आधी नूतनीकरण करा आणि मग आयडीपीकडे वळा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, त्यामुळे थांबून राहायचं कारण नाही. मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेल्या आईवडिलांच्या बाबतीत हे हमखास आडवं येतं, कारण वयाच्या ५५ नंतर लायसन्स एका वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं आणि तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही. चाळिशीनंतरच्या नूतनीकरणाला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो, तो वेळही धरून चाला.

दुसरी गोष्ट नाव, आणि महाराष्ट्रात सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. आपल्या लायसन्सवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव एका ओळीत असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकीचं वेगळ्या. मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर. बाईच्या पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि कॉलेजात असताना काढलेल्या लायसन्सवर माहेरचं. आरटीओतला कारकून एखादं आद्याक्षर सोडून देईलही, पण परदेशातल्या काउंटरवर पासपोर्ट आणि लायसन्स शेजारी शेजारी ठेवून बघतात, आणि आडनावच वेगळं दिसलं तर तिथे समजावत बसायला भाषा अपुरी पडते. नावातला बदल सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवरून होतो. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. तो आयडीपीच्या आधी करून घ्या, कारण आयडीपीवर लायसन्सवरचंच नाव उतरतं.

तिसरी गोष्ट वाहनाचा वर्ग. लायसन्सवर फक्त एलएमव्ही (हलकं मोटार वाहन, म्हणजे कारसारखी गाडी) असेल तर आयडीपीत कारचा वर्ग मिळेल, दुचाकीचा नाही. पुस्तिकेत ए म्हणजे मोटारसायकल, बी म्हणजे चालक सोडून आठ सीटपर्यंतची आणि ३,५०० किलोपर्यंतची गाडी. सी, डी आणि ई हे ट्रक, बस आणि ट्रेलरचे. थायलंडला जाऊन स्कूटर घ्यायचा बेत असेल तर ए हवाच. फुकेत-पट्टायात दुकानदार काहीही न विचारता किल्ली देतात. खरा प्रश्न येतो पडल्यावर. ज्या वर्गाचं लायसन्स नाही ते वाहन चालवताना झालेल्या अपघाताचा खर्च प्रवास विमा कंपन्या सहसा नाकारतात, आणि तिथली खासगी हॉस्पिटलं स्वस्त नाहीत.

आणखी एक. ज्यांच्याकडे अजून जुनं पुस्तकी लायसन्स आहे त्यांनी आधी सारथीवर नंबर आणि जन्मतारीख टाकून नोंद दिसते का ते पाहावं. दिसत नसेल तर आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री (जुन्या लायसन्सची संगणकात नोंद) करून घ्यावी लागते. त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकतच नाही. कार्ड हरवलं असेल आणि इथे डिजिलॉकरवर काम भागत असेल, तर डुप्लिकेट कार्ड काढा. डिजिलॉकर आपल्या ट्रॅफिक पोलिसापुरतं ठीक आहे, ओसाकातल्या काउंटरला त्याचं काही देणंघेणं नाही.

कागदपत्रं

फॉर्म ४ए हा मुख्य अर्ज. कोणत्या देशांत जाणार आणि किती दिवस, हे त्यात लिहायचं असतं. ऑनलाइन माहिती भरली की तो तयार होतो. सोबत:

- लायसन्स, दोन्ही बाजू
- पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान
- विमानाचं तिकीट
- व्हिसा, मिळाला असेल तर
- पासपोर्ट आकाराचे फोटो

व्हिसाबद्दल थोडं सविस्तर, कारण जुनी माहिती अजून फिरते आहे. पूर्वी आयडीपीसाठी व्हिसा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र दोन्ही सक्तीचं होतं. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलून दोन्ही अटी काढल्या. कारण सरळ होतं: ज्याच्याकडे चालू लायसन्स आहे त्याच्याकडून पुन्हा डॉक्टरचा दाखला कशाला, आणि जिथे व्हिसा उतरल्यावर किंवा अगदी शेवटच्या क्षणी मिळतो तिथला व्हिसा माणूस आधी आणणार कुठून? तरीही आरटीओबाहेरचे एजंट मेडिकलच्या नावाखाली पैसे मागताना दिसतात. व्हिसा हातात असेल तर जोडा, तपासणी सोपी जाते. नसेल तर त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

अर्ज कसा भरायचा

परिवहनच्या वेबसाइटवरून सारथी उघडा, राज्य महाराष्ट्र निवडा. गोव्याचं लायसन्स असेल तर गोवा; पुढची वाट तीच. लायसन्सच्या सेवांमध्ये जाऊन लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की तुमची नोंद समोर येते. ती नीट वाचा, विशेषतः पत्ता आणि मोबाइल नंबर, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. बंद पडलेला नंबर नोंदलेला असेल तर आधी तो बदलून घ्या. मग सेवांच्या यादीतून आंतरराष्ट्रीय परमिट निवडा, पासपोर्ट आणि प्रवासाची माहिती भरा, कागद स्कॅन करून चढवा आणि फी भरा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या तक्त्याप्रमाणे आयडीपीची फी १,००० रुपये आहे. एजंट जे तीन-चार हजार सांगतात त्यातले बाकीचे कुठे जातात ते तुम्ही ओळखा. लायसन्स निर्दोष असेल तर या कामाला एजंट लागत नाही, हे माझं स्पष्ट मत.

मार्च २०२१ मध्ये आधार प्रमाणीकरणाने घरबसल्या करता येणाऱ्या सेवांची जी यादी निघाली तिच्यात आयडीपीही आहे. आधारवरचं आणि लायसन्सवरचं नाव जुळलं तर तो रस्ता घ्या. नाही जुळलं तर अपॉइंटमेंट घेऊन मूळ कागद आणि झेरॉक्सचा संच घेऊन जायचं. अर्ज साधारणपणे लायसन्सवरच्या पत्त्याच्या कार्यालयाकडे जातो. लायसन्स साताऱ्याचं आणि नोकरी हिंजवडीत, असं असेल तर एक तर पत्ता बदलून घ्या, नाही तर गावी जायचा दिवस बघून त्याप्रमाणे अर्ज टाका.

कधी करायचा? वर्षाची मुदत प्रवासाच्या दिवसापासून नव्हे, आयडीपी दिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे सहा महिने आधी काढून ठेवण्यात तोटाच. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी अर्ज टाकणं बरं. लायसन्समध्ये दुरुस्ती करायची असेल तर ती मात्र तिकीट काढलं त्याच आठवड्यात सुरू करा.

कुठे चालतो, कुठे नाही

भारत १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक कराराचा सदस्य आहे आणि आपला आयडीपी त्या करारानुसार निघतो. १९६८ चा व्हिएन्ना करार वेगळा, त्यात भारत नाही. हा भेद कागदी वाटतो, पण देशागणिक फरक पडतो तो यामुळेच.

जपान हे आपल्या बाजूचं उदाहरण. तिथे १९४९ च्या करारानुसार निघालेलाच आयडीपी चालतो, १९६८ चा नाही. काउंटरवरची व्यक्ती पुस्तिका उघडून कराराचं वर्ष शोधते, मग फोटो, मग वर्ग, मग तारीख, आणि त्यानंतरच गाडीच्या कागदांना हात लावते. जपानमध्ये गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे चालवायला त्रास नाही. पण आयडीपी नसेल तर आगाऊ भरलेलं बुकिंगही कामाचं नाही.

व्हिएतनाम बरोबर उलटं. तिथे १९६८ चाच आयडीपी मानतात, म्हणून आपला तिथे चालत नाही. हा-जियांगच्या घाटात मोटारसायकल भाड्याने घेऊन फिरणारी आपली मुलं बरीच दिसतात, पण त्यांच्याकडचा आयडीपी कायद्याने तिथे निरुपयोगी आहे आणि त्यामुळे विमाही अडचणीत येतो. स्थानिक चालकाच्या मागे बसून तोच रस्ता करता येतो, आणि दरी बघायला मोकळे डोळे मिळतात. चीनमध्ये तर कुठलाच आयडीपी चालत नाही. ड्रायव्हरसकट गाडी घ्या आणि विषय संपवा.

ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला भारतीय लायसन्सवर कार १२ महिन्यांपर्यंत चालवता येते, आयडीपी सक्तीचा नाही. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे. कॅलिफोर्नियात फिरायला आलेल्या प्रौढाला स्वतःच्या देशाचं चालू लायसन्स पुरतं. तरी कायदा मागत नसला तरी गाडीची कंपनी मागू शकते, म्हणून बुकिंगच्या अटी वाचा. दुबईत व्हिजिट व्हिसावर गाडी घ्यायला भारतीयांना आयडीपी लागतो. रेसिडेन्स व्हिसा झाला की मात्र तिथलंच लायसन्स काढावं लागतं. इटलीत मूळ लायसन्ससोबत आयडीपी किंवा अधिकृत इटालियन भाषांतर लागतंच. तिथे आणखी एक सावधगिरी: फ्लॉरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय खासगी गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरे नंबर टिपतात. दंडाची नोटीस गाडीच्या कंपनीमार्फत कित्येक महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येऊन पडते. गाडी गावाबाहेर ठेवा आणि आत पायी जा.

पुस्तिका हातात आल्यावर

खिडकीवरून हलण्याआधी उघडून बघा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, हवे ते वर्ग, मुदत, सही-शिक्का. पूर्वी प्रत्येक राज्याच्या पुस्तिकेचा आकार आणि रंग वेगळा असायचा आणि परदेशात त्यावरून शंका निघायच्या. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने सगळ्या देशासाठी एकच नमुना ठरवला आणि लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोड त्यावर आणला.

ऑनलाइन 'इंटरनॅशनल लायसन्स' विकणाऱ्या वेबसाइटपासून लांब राहा. तीन वर्षांचं, दहा वर्षांचं, अर्ध्या तासात ई-मेलवर असलं जे काही मिळतं ते फार तर खासगी भाषांतर आहे. भारतीय आयडीपी एका वर्षाहून जास्त मुदतीचा नसतोच, तेव्हा मुदत वाचली की खोटेपणा उघडा पडतो.

परदेशात असतानाच मुदत संपली तर? त्यासाठीही जानेवारी २०२१ च्या नियमांत सोय झाली आहे. त्या देशातल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करायचा, तो पोर्टलवरून तुमच्या आरटीओकडे येतो आणि नवा आयडीपी तुमच्या तिथल्या पत्त्यावर कुरिअरने पाठवला जातो. हे जमायला मूळ लायसन्स त्या दिवशी चालू असावं लागतं.