एअरबॅग आणि सीटबेल्ट प्रीटेन्शनर

समोरून धडक बसल्यावर मोटारीतल्या माणसाला स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि काचेवर आदळण्यापासून वाचवणारी जोडसाधने. बोलताना लोक एअरबॅगचीच चौकशी करतात, पण आधी कामाला लागतो तो पट्टा. एअरबॅग ही त्याला पूरक. स्टिअरिंगवरच्या ‘एसआरएस’मधला पहिला एस, म्हणजे सप्लिमेंटल (पूरक), हेच सांगतो.

नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर ताशी 50 किमी हा वेग हळूच वाटतो. प्रत्यक्षात तो सेकंदाला सुमारे 14 मीटर भरतो आणि त्या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे जवळजवळ 10 मीटरवरून, ठाण्यातल्या एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. अटल सेतूवर मोटारींना 100 ची मुभा आहे. तिथे वेग दुप्पट, पण ऊर्जा चौपट.

गाडीचे नाक चेपत जाते आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात सगळे संपते. गाडीतले संवेदक वेग किती झपाट्याने घटतोय हे मोजतात. नियंत्रक पेटी 15 ते 30 मिलिसेकंदांत निर्णय घेते. प्रीटेन्शनर म्हणजे पट्टा आवळणारी यंत्रणा; तिच्यातली थोडीशी स्फोटक दारू पेटते आणि तिच्या वायूने पट्ट्याचे रीळ उलटे फिरून सैल पट्टा 10-15 सेंटिमीटर आत ओढला जातो. माणूस पाठीसकट सीटला आवळला जातो. मग छाती पुढे रेटू लागली की लोड लिमिटर पट्टा मोजून-मापून सैल सोडतो, म्हणजे बरगड्यांवर घाव बसत नाही, भार पसरतो.

तोवर नायलॉनची पिशवी सुमारे 30 मिलिसेकंदांत फुगलेली असते. पूर्वी वायू सोडियम अझाइडपासून मिळे, आता बहुधा ग्वानिडीन नायट्रेटपासून. डोके टेकते त्या क्षणी पिशवी मागच्या छिद्रांतून रिकामी होऊ लागलेली असते, आणि तेच हवे. टणक राहिली तर तीच इजा करील. नंतर गाडीत पांढरी पूड आणि फटाक्यासारखा वास उरतो. ते पाहून गाडीने पेट घेतला असे वाटून अनेकजण घाबरतात.

पट्टा नसेल तर बहुतेक गाड्यांत पिशवी फुगतेच, मात्र माणूस तोवर पुढे सरकलेला असतो आणि फुगणारी पिशवी त्याला आपटते. म्हणूनच छाती स्टिअरिंगपासून किमान 25 सेंटिमीटर लांब हवी. नातवाला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलेली आजी घोडबंदर रोडवर आजही दिसते. प्रेमाने घट्ट धरलेले 10 किलोचे मूल अशा धडकेत काही शे किलोचे होते. ते कोणाच्याही हातात राहत नाही. मागे तोंड असलेली बेबी सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नये.

तीन-बिंदू पट्टा नील्स बोहलिन यांनी 1959 मध्ये व्होल्वोसाठी आणला. भारतात चालकासाठी एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटलाही. पट्टा न लावल्यावर वाजणारी बीप बंद करायला बक्कलमध्ये अडकवायच्या क्लिपा मात्र खपतच राहिल्या. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 5 ऑनलाइन विक्रेत्या मंचांना त्यांची विक्री थांबवायला सांगितले.

दोन्ही साधने एकदाच वापरायची. धडकेनंतर प्रीटेन्शनर, पिशवी आणि बहुधा नियंत्रक पेटीही बदलावी लागते. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी आधी वर्कशॉपला न्यावी.