लोहाची कमतरता की थॅलेसेमिया मायनर?

हिमोग्लोबिन कमी आले, की ‘रक्त कमी आहे’ असे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि बहुतेकांना त्या लागूही पडतात. मात्र वर्षानुवर्षे गोळ्या घेऊनही ज्यांचा आकडा अकराच्या आसपासच घुटमळतो, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरात लोह पुरेसे असते. त्यांना असतो थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून आलेला एक सदोष जनुक.

हिमोग्लोबिन हे लोहयुक्त ‘हीम’ आणि ‘ग्लोबिन’ नावाच्या प्रथिनसाखळ्या यांचे बनलेले असते. पहिल्या अवस्थेत लोह अपुरे पडते, तर दुसरीत लोह असूनही ग्लोबिनची एक साखळी कमी तयार होते. परिणाम मात्र सारखाच दिसतो: तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे अहवालातील ‘एमसीव्ही’, प्रौढांमध्ये साधारणपणे ८० ते १०० फेम्टोलिटर असते. दोन्ही अवस्थांत ते ८०च्या खाली उतरते आणि गफलत होते ती इथेच.

ती टाळण्यासाठी हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळीही वाचाव्या लागतात. समजा, एका अहवालात हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही ७४ आणि तांबड्या पेशी प्रति घन मिलीमीटर ४१ लाख आहेत, तर दुसऱ्यात हेच आकडे ११.२, ६२ आणि ५८ लाख असे आहेत. दुसऱ्या व्यक्तीचे हिमोग्लोबिन अधिक असूनही पेशी कितीतरी लहान आहेत आणि त्यांची संख्या मुळीच कमी नाही. लोहाचा कच्चा माल संपला, तर पेशी लहानही होतात आणि कमीही. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशींची संख्या सहसा भरपूर असते. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षांतील संख्येने भागण्याचा जो ठोकताळा रक्तविकारतज्ज्ञ मेंटझर यांनी १९७३ मध्ये मांडला, त्यानुसार १३ पेक्षा कमी उत्तर थॅलेसेमियाकडे आणि जास्त उत्तर लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवते. इथे उत्तरे अनुक्रमे १८ आणि १०.७ येतात. हा संशय आहे, निदान नव्हे.

निदानासाठी फेरिटिन, म्हणजे साठवलेल्या लोहाचा अंदाज देणारे प्रथिन, मोजतात. निरोगी प्रौढात ते प्रति लिटर १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर साठा संपल्याचे मानतात. मात्र संसर्ग किंवा दाह असताना फेरिटिन वाढते आणि खरी कमतरता झाकली जाते. बीटा थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे ग्लोबिनची बीटा साखळी कमी तयार होते तेव्हा, हिमोग्लोबिनच्या ‘ए२’ या उपप्रकाराचे प्रमाण सहसा ३.५ टक्क्यांहून अधिक आढळते. तीव्र लोहकमतरतेत तेच प्रमाण घसरू शकते, म्हणून शंका उरल्यास लोह भरून काढल्यावर तपासणी पुन्हा करणे श्रेयस्कर. अल्फा प्रकारात, म्हणजे अल्फा साखळी कमी पडते तेव्हा, ए२ वाढत नाही, त्यासाठी जनुकीय तपासणी लागते. शिवाय एकाच व्यक्तीत दोन्ही अवस्था एकत्र असू शकतात, तेव्हा ‘हे किंवा ते’ असा हट्ट उपयोगाचा नाही.

लोहकमतरतेत हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी गोळ्या साधारण ३ महिने चालू ठेवतात. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोह गेले कुठे, हे शोधणे: पुरुषांत आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांत पचनमार्गातील छुपा रक्तस्राव तपासल्याशिवाय केवळ गोळ्यांवर समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. थॅलेसेमिया मायनरला सहसा उपचार लागत नाहीत आणि फेरिटिन चांगले असताना लोह घेण्यात अर्थ नसतो. अशा व्यक्तीने जोडीदाराची तपासणी मात्र, शक्यतो गर्भधारणेपूर्वी, करून घ्यावी, कारण दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक (म्हणजे मायनर असलेले) असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला गंभीर स्वरूपाचा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.