स्पीकरवरचे वॅट आणि स्पीकरचे डेसिबल

जुना स्पीकर घरात आला की सगळे आधी त्याच्या पाठीवरचा वॅटचा आकडा वाचतात. गणपतीला मुंबईहून आलेला पुतण्या मालवणच्या घरात आठ वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर जोडायला बसला, की काका विचारणारच, "अरे, ह्यो स्पीकर शंभर वॅटाचो आसा. तुझ्या आठ वॅटान तो हलतलो तरी काय?"

हलतो, आणि मस्त हलतो. शंभर वॅट म्हणजे एवढी वीज आत गेली तरी स्पीकरच्या आतलं तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, जळणार नाही, इतकंच. टेम्पो किती टन माल पेलतो ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, लिटरला किती पळतो ते त्यावरून कळत नाही, तसंच हे. स्पीकरचं मायलेज डेसिबलमध्ये सांगतात: एक वॅट दिला, तर एक मीटरवर किती आवाज मिळतो? याला संवेदनशीलता म्हणतात. आजच्या कपाटावर मावणाऱ्या स्पीकरांत हा आकडा साधारण 84 ते 88 असतो. क्लिप्श कंपनीने 1963 मध्ये आणलेल्या 'ला स्काला'चा 104 च्या आसपास आहे.

फरक वीसेक डेसिबलचाच तर आहे, असं वाटेल. पण डेसिबलचा हिशेब बेरजेचा नसून गुणाकाराचा आहे. तीन डेसिबल वाढवायचे तर वॅट दुप्पट लागतात, दहा वाढवायचे तर दहापट. म्हणजे 86 डेसिबलच्या स्पीकरला जिथे 64 वॅट लागतील, तिथे 104 वाल्याला एक वॅट पुरतो. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमवर 'हजार वॅट पीएमपीओ' (क्षणभराची कमाल ताकद) असं लिहून यायचं. त्या आकड्याचा ना पेलण्याशी संबंध होता, ना आवाजाशी. वॅट म्हणजे आवाज ही आपल्याकडची समजूत मात्र त्याने पक्की केली.

कोकणातल्या घरात हा फरक पावसाळ्यात खरा कळतो. शेजारी 88 डेसिबलचा आणि 100 डेसिबलचा असे दोन स्पीकर ठेवा. उन्हाळ्यात दुपारी माजघरात भजन लावलंय. पहिल्याला एक वॅट जातोय. दुसरा तेवढाच आवाज एका वॅटच्या सोळाव्या हिश्शात देतोय. आता पडवीच्या पत्र्यावर सर कोसळली आणि आवाज दहा डेसिबलने वाढवावा लागला. पहिला दहा वॅटवर गेला, दुसरा अजून पाऊण वॅटच्याही खाली. त्यात पखवाजाची एक मोकळी थाप आली, जी सरासरी आवाजापेक्षा सहज दहा डेसिबल वर उडते. तेवढ्या क्षणाला पहिल्याला शंभर वॅट हवेत, दुसऱ्याचं काम सहा वॅटांत होतं. पुतण्याचे आठ वॅट इथे पुरून उरतात. वीज गेली तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालणारा बारा व्होल्टचा छोटा ॲम्प्लिफायरही चालून जातो.

माझ्या मते जास्त संवेदनशील स्पीकरांचं मोठेपण मोठ्या आवाजात नाहीच, ते त्या थापेत आहे. जास्त वॅट ओढणारी कॉइल तापते, तापली की तिचा रोध वाढतो, आणि नेमका जोराचा ठोका दबतो. ज्या कॉइलला वॅटचा अंश पुरतो ती थंडच राहते. म्हणून थाप थापेसारखी येते, हळू आवाजातसुद्धा.

मग सगळेच स्पीकर असे का करत नाहीत? जुन्या काळी व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर मोजकेच वॅट देत, तेव्हा मोठं खोकं, जड मॅग्नेट आणि कर्णा याला इलाज नव्हता. 1954 मध्ये एडगर विलचर यांचा एआर-1 हा स्पीकर आला. बंद, लहान खोक्यातून खोल खर्ज, पण वॅट खाणारा. पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले आणि तोच रस्ता रूढ झाला. लहान खोकं, खोल खर्ज आणि जास्त संवेदनशीलता, यांतली दोनच एकावेळी मिळतात. ला स्काला एवढं धूड असूनही पन्नास हर्ट्झच्या खाली फारसं उतरत नाही. सिंथेसायझरचा खर्ज हवा असेल तर हा स्पीकर तुमचा नव्हे. भजन, नाट्यसंगीत, तबला, सनई यांना तो कमी पडत नाही.

आकडा वाचताना एक मेख लक्षात ठेवा. बऱ्याच कंपन्या एका वॅटऐवजी 2.83 व्होल्टवर मोजतात. आठ ओहमच्या (ओहम म्हणजे रोधाचं माप) स्पीकरला तो बरोबर एक वॅट होतो, चार ओहमच्याला दोन. म्हणजे तीन डेसिबल फुकटचे. जुने सोळा ओहमचे असतील तर उलट अर्धाच वॅट पडतो.

खाऱ्या हवेचा विचार मात्र वेगळा करावा लागतो, त्याबद्दल यातला कुठलाच आकडा बोलत नाही. कोनच्या, म्हणजे स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या, कडेला फोमची पट्टी असेल तर दमट हवेत ती चिकट होऊन भुगा होते. बोट लावलं की काळं पीठ हाताला येतं. जास्त संवेदनशील जुन्या स्पीकरांत ही कड बहुतेक वेळा चुणीदार कापडाची किंवा कागदाची असते आणि ती टिकते. खोकं प्लायवूडचं असेल तर उत्तम. भुशाच्या बोर्डाचं असेल तर खालचा काठ फुगलाय का ते बघाच. दोन्ही अंगठे कोनच्या मध्याभोवती ठेवून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय, मॅग्नेटच्या फटीत गंज धरला असणार.

आणि घ्यायच्या आधी स्पीकर जोडून, गाणं न लावता, कान जवळ न्या. 88 च्या स्पीकरवर कधी ऐकू न आलेली ॲम्प्लिफायरची घरघर 104 वर खोलीभर ऐकू येते. तिथे स्पीकरला दोष देऊ नका, ॲम्प्लिफायर बदला. कमी वॅटचा चालेल, पण शांत हवा.